रूपरावांची ऑटोवाली आरी

रूपराव झाडे यांनी येणाऱ्या नातवंडाचा पाळणा आपण स्वतःच्या हातानं करणार असं जाहीर केलं, तेव्हा त्यांच्या घरात हत्यार म्हणावं अशी एकच हातोडी होती आणि तिचाही दांडा ढिला होता. पण जाहीर करून बसले! आणि तेही कुठं, तर लेकीच्या डोहाळेजेवणात, सिंदी मेघेतल्या आपल्या अंगणात, दोन्हीकडची माणसं पंगतीला बसलेली असताना.

झालं एवढंच, की व्याही सदाशिवराव वरणभात कालवता कालवता म्हणाले, "पाळण्याची फिकर करू नका इवाईबुवा. आमच्याकडं पितळी कड्यांचा मोठा पाळणा आहे. आमचा प्रफुल्ल त्याच्यातच वाढला. देतो पाठवून." आता यात कोणाला टोचण्यासारखं काय होतं? सदाशिवराव सेलूकडचे भाजीपाल्याचे शेतकरी, मनानं साफ माणूस. पण रूपरावांनी पाटबंधारे खात्यात सारा जन्म बाबूगिरी केलेली. आलेल्या माणसाला 'उद्या या' म्हणून परत पाठवायचं, एवढंच पाठवणं त्यांना ठाऊक. सदाशिवरावांच्या बोलण्यातून त्यांना 'तुमच्या घरी साधा पाळणाही नाही' एवढंच ऐकू आलं. हातातला घास तसाच धरून ते म्हणाले, "पाळणा माह्या घरचा राहीन. माह्या हातचा राहीन. बारशाले येजा अन् पाहून घेजा!"

भाजी वाढणाऱ्या कुंताबाईंची पळी हवेतच थांबली आणि भाजी भलत्याच पाहुण्याच्या पानात पडली. लेक वर्षाली हिरव्या साडीत बसली होती, तिनं मान खाली घातली. बापाचा आवाज असा चढला की पुढं काय होतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

पाहुणे गेल्यावर कुंताबाईंनी विचारलं, "तुमाले खिळा तरी सरका ठोकता येते का हो?"

"शिकता येते."

"कवा शिकसान? पोरीले सातवा सरत आला. बाळ म्हणजे काई तुमच्या ऑफिसातली फाइल नाई, थांबाले."

यावर रूपरावांनी पेपर उघडला. कालचाच होता, पण उघडला. मनात मात्र चित्र पक्कं बसलं होतं: बारशाचा दिवस, फाटकासमोर टेम्पो उभा, त्यातून पितळी कड्यांचा पाळणा उतरतोय आणि आपण दारात 'या या' म्हणत उभे. छे! त्यापेक्षा बारसंच नको.

आता शेजारी काय कामाचे असतात? अशा वेळी माणसाला थांबवतील ते शेजारी कसले! डाव्या हाताला बंडूजी, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. यांना जगातल्या सगळ्या मशिनींतलं कळतं. उजव्या हाताला ओमप्रकाश, किराणा दुकानवाला. याला बाकीचं कळतं. बंडूजी म्हणाले, "रूपरावजी, हातकरवतीनं कापत बसान त नातू पाळण्यात नाई, शाळेत जाईन. मशीन घ्या. बोरगावात एकाची पडून आहे." ओमप्रकाश म्हणाला, "बढिया काम होईन काका. पाळणा झाला का मंग तुमी दिवाण करा, देवघर करा. टाइमपास बी होते." नातवंडाच्या एका पाळण्यासाठी यंत्र घ्यायचं हा वेडेपणा आहे असं म्हणणारं त्या अंगणात एकच माणूस होतं आणि ते धुणं वाळत घालत होतं.

बोरगाव मेघेतल्या त्या सुतारकामाच्या कारखानदारानं तयार फर्निचरची दुकानदारी सुरू केली होती आणि त्याची जुनी आरी मागच्या शेडमध्ये गंजत पडली होती. मोठं बिडाचं टेबल, मधोमध एक चीर आणि त्या चिरेतून डोकं वर काढणारी गोल दातेरी आरी. टेबल हँडलनं वरखाली व्हायचं. पुरतं वर घेतलं की आरी टेबलाखाली लपायची. खाली तीन फेजची मोटर. मशीनला सगळं होतं, फक्त मोटर चालू-बंद करायचा स्टार्टर नव्हता. तो मालकानं दुसऱ्या कशाला तरी लावून टाकला होता. "स्टार्टर काय, कुठंबी भेटते," तो म्हणाला, आणि त्याचं ते बोलणं रूपरावांना पुढं बरेच दिवस आठवत राहिलं.

मशीन टेम्पोतून घरापर्यंत आली आणि फाटकात अडकली. फाटक काढलं. मग ती अंगणाच्या मधोमध येऊन थांबली ती थांबलीच, कारण आणखी पुढं ढकलायला गेलेल्या चौघांपैकी दोघांच्या कमरा धरल्या आणि उरलेले दोघं चहा पिऊन निघून गेले. फाटक आणि घराचं दार यांच्या बरोब्बर मध्ये ती वस्तू बसली. कुंताबाई म्हणाल्या, "तुळशीले पाणी घालाले मले आता पार गिरड गावावरून फिरून या लागते." रूपरावांनी तिकडं लक्ष दिलं नाही. ते मशीनवरून हात फिरवत होते.

स्टार्टरचा प्रश्न मात्र चुटकीसरशी सुटला. रूपरावांचा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर नालवाडीकडं वांग्याची आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, शेती करायचा. त्याच्या विहिरीवर नुकताच सोलर पंप बसला होता आणि जुन्या मोटरचा स्टार्टर खुंटीला टांगून होता. "ने नं दादा," तो म्हणाला. "ऑटो बी आहे त्याले. ऑटोसकट ने."

हा ऑटो म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला सांगायला हवं. शेतातली लाइन कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नाही. मग लाइन आली की विहिरीवर धावत जाऊन हिरवं बटन दाबायचं कोणी? म्हणून स्टार्टरला एक डबी जोडतात. लाइन आली की ही डबी थोडा वेळ दम धरते आणि मग आपणच मोटर सुरू करते. माणूस घरी झोपलेला असो, लग्नाला गेलेला असो, वांग्याला पाणी चालू. आमच्या भागातला शेतकरी एक वेळ बायकोशिवाय राहील, ऑटोशिवाय राहणार नाही. स्टार्टर हातात घेतला तेव्हा रूपरावांचे डोळे भरून आले. लहानपणी विहिरीवरची मोटर चालवायचं काम त्यांच्याकडंच असायचं. म्हणजे हिरवं बटन दाबायचं आणि लांब व्हायचं. तेवढ्या अनुभवावर ते स्वतःला मोटरीतला माणूस समजत.

पण घरात तीन फेजची लाइन कुठं होती? ते वीज ऑफिसात गेले. खिडकीतल्या साहेबानं विचारलं, "घरी थ्री-फेज कायले पाहिजे?"

"मशीन आहे."

"कायची?"

"लाकूड कापाची आरी."

"म्हणजे आरामशीन! मंग वन खात्याचं नाहरकत लागन."

रूपराव वन खात्यात गेले. तिथला बाबू सभ्य होता, बसा म्हणाला. मग म्हणाला, "लाकूड चिराच्या गिरण्या आमच्याकडं येतात. तुमच्या अंगणातल्या एका टेबलाशी आमचा काई संबंध नाई."

"तेवढंच लिहून द्या. संबंध नाई म्हणून."

"ज्याच्याशी संबंधच नाई, त्याच्याबद्दल आमी कसं लिहून देणार? तुमी असं करा, उद्या या."

रूपराव खुर्चीवरून उठले ते जरा सावकाशच. हे वाक्य त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं. कालव्याच्या कामासाठी आलेल्या किती माणसांना त्यांनी नेमक्या ह्याच शब्दांत, अगदी ह्याच 'उद्या'वर टाकून परत धाडलं होतं! जिना उतरताना त्यांना उगाचच वाटलं की समोरून येणारा प्रत्येक जण आपल्याला ओळखतोय. त्यांनी रुमालानं तोंड पुसायच्या निमित्तानं झाकून घेतलं.

ह्या खिडकीतून त्या खिडकीत त्यांचे हेलपाटे चालू असतानाच वर्षाली बाळंत झाली. मुलगी! कुंताबाईंनी मोहल्लाभर पेढे वाटले. रूपरावांनी नातीचं एवढंसं तोंड पाहिलं, तिनं त्यांचं बोट घट्ट धरलं, आणि माणूस पार विरघळून गेला. पण विरघळतानाही मनात एक टोचणी होतीच: सव्वा महिन्यानं बारसं आणि अजून पाळण्याची एक फळीसुद्धा कापलेली नाही. सदाशिवरावांचा फोन आला. अभिनंदन वगैरे झालं आणि शेवटी ते सहज म्हणाले, "पाळणा पाठवू का मंग?" "नाई!" रूपराव एवढ्या जोरात म्हणाले की आत बाळ दचकून रडायला लागलं.

शेवटी वीज ऑफिसातल्या दुसऱ्या एका साहेबानं अर्जावर 'आरी'च्या जागी 'घरगुती मोटर' लिहायला सांगितलं आणि लाइन मिळाली. ऊन मी म्हणत होतं. बंडूजी, ओमप्रकाश आणि रूपराव कडुलिंबाच्या सावलीत स्टार्टर उघडून बसले. आत पालीची अंडी निघाली. ओमप्रकाश म्हणाला, "लाल वायर लाल मे, पिवळी पिवळी मे, इसमे क्या है!" कुंताबाई आतून म्हणाल्या, "वायरमनले बोलवा नं एखाद्या." रूपराव म्हणाले, "आमी इथं तिघं तिघं बसलो ते कायले?" हा प्रश्न कुंताबाईंनाही पडला होता.

जोडणी झाली. रूपरावांनी देवाचं नाव घेऊन हिरवं बटन दाबलं. मशीन घरघरली, आरी फिरायला लागली, तिघांनी टाळ्या वाजवल्या. मग रूपरावांनी ज्ञानेश्वरच्या मोडलेल्या गोठ्यातली सागवानी फळी पुढं सरकवली. फळी आरीला टेकली मात्र आणि त्यांच्या हातातून सुटून सरळ भिंतीपलीकडं गेली. तिकडून आवाज आला. बंडूजींचा पाण्याचा रांजण होता तो.

"उलटी फिरून राह्यली जी!" बंडूजी ओरडले. रांजण फुटल्याच्या दुःखापेक्षा दोष सापडल्याचा आनंद त्यांच्या आवाजात जास्त होता. विहिरीवरची मोटर उलटी फिरली की दोन वायरी पालटायच्या, हे ह्या भागातल्या कोणालाही माहीत असतं. पालटल्या. आरी सुलटी झाली, फळी लोण्यासारखी कापली गेली, आणि रूपरावांची मान ताठ झाली.

आता राहिली ती ऑटोची डबी. ती वायरीला लोंबकळत होती. तिघांनी तिच्याकडं पाहिलं.

"हे बी जोडून टाका," बंडूजी म्हणाले. "चालू कामात लाइन गेली, मंग आली, त पुन्हा उठून बटन दाबा लागन. ऑटो असला म्हणजे टेन्शन नाई."

"ऑटो बिगर स्टार्टर म्हणजे काका, अधुरा मामला आहे," ओमप्रकाश म्हणाला.

कुंताबाई चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पण ते मोटर विहिरीत राह्यते. हे त अंगणात आहे."

"त काय झालं?"

"आपल्यानच चालू झाली मंग?"

तिघंही हसले. रूपराव समजावणीच्या सुरात म्हणाले, "अव, आपल्यानं चालू व्हासाठीच त ऑटो असते!" कुंताबाई कप ठेवून आत गेल्या. गंमत अशी, की त्यानंतर मशीन पाहायला आलेल्या प्रत्येकानं, आणि सारा मोहल्ला येऊन गेला, त्या ऑटोचं कौतुकच केलं. सगळ्यांची मुळं शेतातली. कोणाच्या डोक्यात वांगं आणि माणसाचा हात यांतला फरक आलाच नाही. रूपराव तर मुख्य खटका खाली करून पुन्हा वर करायचे, सगळ्यांना बोटानं गप्प बसायला सांगायचे, थोडा वेळ शांतता, मग टक् असा आवाज आणि आरी घूं करून आपोआप फिरायला लागायची. लोक वा वा करायचे. मग रूपराव ऐटीत लाल बटन दाबून ती थांबवायचे. ते थांबवणं पुढची लाइन येईपर्यंतचंच असतं, ही गोष्ट त्यांना माहीत होती, पण माहीत असून डोक्यात नव्हती. असं होतं.

पाळणा झाला. खोटं कशाला सांगा, चांगला झाला. एक बाजू किंचित खाली होती, पण ती बाळ झोपल्यावर दिसली नसती. रूपरावांच्या बोटांना फोड आले, डोळ्यांत भुसा गेला, पण त्यांनी चारही कड्या स्वतः बसवल्या, कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. कुंताबाईंनी त्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरा झाला." त्यांच्या तोंडून याच्यावरचं कौतुक रूपरावांनी सगळ्या संसारात ऐकलं नव्हतं. त्यांनी ओमप्रकाशच्या दुकानात जाऊन उगाच ते दोनदा सांगितलं.

बारशाच्या दिवशी अंगणात मांडव टाकला. मशीन हलणार नव्हतीच, तेव्हा रूपरावांनी युक्ती काढली. टेबल हँडलनं पुरतं वर घेतलं, आरी खाली लपवली, वर सतरंजी अंथरली, आणि झालं फराळाचं टेबल! करंज्यांची ताटं, हळदीकुंकवाचं तबक, ओटीचे तांदूळ, आमरसाचं पातेलं, सगळं त्यावर. मांडवातले कूलर त्याच तीन फेजच्या बोर्डावरून चालवले होते, म्हणून खटका चालू. ऊन मोठं होतं, पाहुण्यांची सोय नको का?

सदाशिवराव, त्यांच्या पत्नी कोकिळाबाई, मुलगी रूपाली, म्हणजे बाळाची आत्या, सगळी आली; जावई प्रफुल्लला तेवढी सुट्टी मिळाली नाही. टेम्पो नव्हता. सदाशिवरावांनी आत जाऊन पाळणा पाहिला. वाकून पाहिला, हलवून पाहिला, आणि मोकळेपणानं म्हणाले, "मानलं इवाईबुवा! एक नंबर." बस्स. रूपरावांना आणखी काय पाहिजे होतं? त्यांनी तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण कौतुक हे असं आहे, की ते मिळालं की माणसाला आणखी थोडं हवं असतं.

"वर्षाली, आण तिले इकडं!" ते ओरडले. "ज्या मशीनवर पाळणा झाला, त्या मशीनवर नातीचा एक फोटू पाहिजे!"

"बाबा, मशीनवर कायले?"

"अव, बंद आहे ते. हे पाह्य." त्यांनी सगळ्यांदेखत लाल बटन दाबून दाखवलं, दोनदा. "अन् टेबल पक्कं आहे. ठेव."

करंज्यांचं ताट बाजूला सरकवलं गेलं. कुंताबाईंनी जुन्या लुगड्याचं दुपटं शिवलं होतं, ते पसरलं आणि रूपरावांनी आपल्या हातानं नातीला त्याच्यावर ठेवलं. टेबलाच्या मधोमध. बंडूजींनी मोबाइलवर फोटो काढला. फोटोत रूपराव असे हसले होते, की त्यांचं आयुष्यात त्याच्याआधी काही बरं झालंच नसावं.

तेवढ्यात लाइन गेली. कूलर बसले. "घ्या, गेली!" कोणीतरी म्हणालं. मांडवात एकदम भट्टी झाली, बाळ किरकिरायला लागलं, आणि वर्षालीनं त्याला उचलून कडुलिंबाखाली नेलं. कोकिळाबाई पदरानं वारा घालायला मागोमाग गेल्या. दुपटं तिथंच राहिलं.

लाइन आली. पोरांनी 'आली, आली' म्हणून आरडाओरडा केला, कूलर भरभरले, सगळ्यांनी हुश्श केलं. रूपराव सदाशिवरावांना आमरसाची वाटी देत होते. ऑटोनं नेहमीसारखा थोडा दम धरला. मग टक् झालं.

मोटरच्या हादऱ्यानं टेबल बोटभर खाली बसलं आणि आरी सतरंजी फाडून घूं करून उठली. आधी दुपटं चिरेत गेलं, एका झटक्यात, मग सतरंजीला झोळ पडला आणि तिला ओढ बसली, आणि वरचं सगळं जग त्या चिरेकडं निघालं. करंज्या उडाल्या. हळदीकुंकवाचं तबक फिरत जाऊन ओमप्रकाशच्या छातीवर बसलं. ओटीचे तांदूळ लग्नातल्या अक्षतांसारखे सगळ्यांवर पडले. आमरसाचं पातेलं कलंडलं ते थेट सदाशिवरावांच्या पांढऱ्या पायजम्यावर. "बटन! बटन दाबा!" बंडूजी ओरडत होते. रूपरावांनी धावत जाऊन बटन दाबलं, पण घाईत हिरवं दाबलं. मग लाल दाबलं. चिरेत सतरंजी गच्च बसली, मोटरचा पट्टा किंचाळला आणि मशीन थांबली.

पहिल्यांदा ओमप्रकाशला हसू आलं, तो नखशिखांत कुंकवानं माखला होता. मग सदाशिवराव हसले, मग सगळा मांडव. बंडूजी पुढं सरसावले. "मी त तवाच म्हटलं होतं, अंगणात ऑटो कायले!" असं म्हणून त्यांनी डबीला हात लावून पाहिला. "पण काई म्हणा, ऑटो पक्का निघाला हं! किती जुना, अन् काम पाहा!" दोन-चार गडीमाणसं डबीभोवती गोळा झाली. सदाशिवराव पायजमा झटकत म्हणाले, "आमच्या विहिरीवरचा ऑटो लय वेळ लावते इवाईबुवा. हा बरा आहे."

कोकिळाबाई चिरेतून दुपट्याचं टोक ओढत होत्या. टोक निघालं. पाठोपाठ चिंध्या निघाल्या. त्या हातात धरून, कोणाकडंही न पाहता, त्या म्हणाल्या, "आत्ताच त होती नं ती इथं."

मांडवातलं हसणं एकदम थांबलं.

रूपराव त्या चिंध्यांकडं पाहत राहिले. आपण ठेवली होती. पोरगी 'कायले' म्हणाली होती, तरी आपल्या हातानं, मधोमध. त्यांना वाटलं कोणीतरी आपल्याला दोन थोबाडीत माराव्या, सदाशिवरावांनी बोलावं, कुंताबाईंनी बोलावं. कुंताबाई खाली बसून करंज्या वेचत होत्या. रूपराव कडुलिंबाखाली गेले आणि बाळाला घ्यायला हात पुढं केले. वर्षालीनं त्यांच्याकडं पाहिलं. मग तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, त्यांच्यापासून लांबच्या.

ते मागं फिरले. बोर्डाशी गेले, मुख्य खटका खाली केला, ऑटोच्या वायरी हातानं उपटून काढल्या आणि खटक्याखाली खुर्ची टाकून बसले. कूलर बंद, पंखे बंद. पाहुणे घामानं निथळायला लागले.

"रूपरावजी, आता त काढून टाकला नं ऑटो. लाइन चालू करा," बंडूजी हळूच म्हणाले.

"नाई."

"अहो, बाया उकडून निघाल्या आत."

"निघू द्या. कोणी हात लावाचा नाई इथं."

सदाशिवरावही येऊन गेले. त्यांनाही तेच उत्तर मिळालं. शेवटी सगळे पदरानं, रुमालानं वारा घेत आत गेले. आत बारसं सुरू झालं. बायकांनी पाळणा म्हटला, 'कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या' झालं, रूपालीनं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, पाठीवर धपाधप बुक्के पडल्याचे आवाज आले, टाळ्या वाजल्या. रूपराव उन्हात, भिंतीला टेकून, खटक्याच्या दांड्यावर हात ठेवून बसले होते. त्यांच्या पाळण्यात त्यांची नात पहिल्यांदा झोपली, ते त्यांनी पाहिलं नाही. आत काय नाव ठेवलं, तेही त्यांना ऐकू आलं नाही.

पाहुणे निघाले. सदाशिवराव जाताना म्हणाले, "नाव कसं वाटलं मंग?"

"छान," रूपराव म्हणाले. "लय छान आहे."

"पोरीनंच काढलं. आमाले बी आवडलं."

"हो. शोभते तिले."

फाटकातून शेवटचा माणूस गेला तरी ते तिथंच होते. ओमप्रकाशला विचारावं तर तो मोहल्लाभर सांगत सुटेल. बंडूजींना विचारावं तर ते आणखी काही सांगतील. सख्ख्या नातीचं नाव, आणि आजाला माहीत नाही! कुंताबाई अंगण झाडत जवळ आल्या तेव्हा त्यांनी खाली पाहत विचारलं, "नाव काय ठेवलं व?"

कुंताबाईंनी झाडू थांबवला. "तिलेच विचारा जाऊन," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून रूपरावांना जास्तच लागलं.

ते आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. ऑफिसात लोक त्यांच्या टेबलासमोर उभे राहत, तसे. वर्षाली बाळाला घेऊन खाली बसली होती.

"काय बाबा?"

"काई नाई." मग ते म्हणाले, "मले नाव नाई ऐकू आलं, बेटा."

वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं, की ती हसली, की दोन्ही, ते त्यांना कळलं नाही. कारण त्यांनाच नीट दिसत नव्हतं.

"बसा," ती म्हणाली. "खाली बसा. मांडी घाला. नीट, सरकी घाला."

ते बसले. मांडी घातली. वर्षालीनं बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. "ओवी," ती म्हणाली. "ओवी नाव आहे." रूपरावांनी ते मनात म्हणून पाहिलं, मग तोंडानं म्हटलं. बाळानं त्यांचं बोट धरलं. वर्षालीनं बाळाच्या पाठीखालचा आपला हात मात्र काढला नाही, आणि रूपरावांनीही तो काढ म्हटलं नाही.